पाचवी चकती

मनवाच्या हनुवटीवरून काळपट लाळ ओघळत होती आणि तिच्या मांडीपाशी ती डबी उघडी पडली होती.

मी कुकरच्या शिट्ट्या मोजत बाहेरच्या खोलीत आले होते. तिसरी व्हायची होती. ती कधी झाली ते मला ऐकू आलं नाही.

डबी तळहाताएवढी, चपटी. आत काळा स्पंज आणि त्यात पाच गोल खाचा. दोन खाचांमध्ये चकत्या होत्या, तीन रिकाम्या. स्पंजचा एक कोपरा कुरतडलेला.

मी मनवाच्या तोंडात बोट घातलं. गालाच्या आतून, जिभेखालून, टाळूवरून फिरवलं. स्पंजचा एक ओला तुकडा निघाला, आणखी काही नाही. तिने माझं बोट कडकडून चावलं आणि हसली. चौदा महिन्यांची होती, सहा दात होते, आणि तिला वाटलं की हा खेळ आहे. मी तिला मांडीवर पालथं घेऊन पाठीवर थापट्या मारल्या. ती आणखी हसली.

प्रफुल्ल आमच्यापासून चार हातांवर बसला होता, पाठ आमच्याकडे. कानांवर हेडफोन. पडद्यावर एक ओसाड शहर आणि त्यातून बंदूक घेऊन धावणारा त्याचा शिपाई. मी हाक मारली, ती त्याला ऐकू गेली नाही. मग मी हेडफोनच ओढून काढले. त्यातून माझ्या भावाचा, शार्दूलचा बारीक आवाज येत राहिला, "दाजी, डावीकडे, डावीकडे बघा."

"डबीत किती होत्या?" मी विचारलं.

त्याने डबीकडे पाहिलं, मग मनवाकडे. "पाच."

"दोनच आहेत."

"दोन माझ्याकडे आहेत." त्याने माऊस उलटा केला, पोटावरची खटकी दाबली. छोटं दार उघडलं आणि आतून दोन चकत्या टेबलावर पडल्या. काळ्या, एक रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान, प्रत्येकीवर ३.६ कोरलेलं. "या दोन, त्या दोन," तो म्हणाला. आम्ही दोघंही जमिनीवर बसलो आणि दिवाणाखाली हात घालायला लागलो.

याला आता नऊ वर्षं झाली. तेव्हा आम्ही नाशकात सिडकोत राहायचो, दोन खोल्या आणि वर गच्ची. प्रफुल्ल अंबडच्या एका कंपनीत पॉवर प्रेसवर होता. मनवा पाच महिन्यांची असताना प्रेस अवेळी खाली आली आणि त्याच्या उजव्या हाताची तर्जनी गेली, मधलं बोट अर्धं राहिलं. हात चालायला लागला की स्टोअरमध्ये घेतो, असं कंपनीने सांगितलं होतं. हात चालायला लागावा म्हणून फिजिओथेरपीच्या बाईंनी एक मऊ चेंडू दिला होता, दिवसातून शंभर वेळा दाबायचा. त्याने तो आठवडाभर दाबला असेल. मग चेंडू दिवाणाखाली गेला, आणि एक दिवस झाडताना मीच तो काढून मनवाला खेळायला दिला.

पट्टी सुटली त्या दिवशी त्याने मनवाला घ्यायला हात पुढे केले होते. ती अंगाने भरलेली, सारखी वळवळणारी. मी म्हटलं, राहू दे, मी घेते. त्याने हात मागे घेतले. त्यानंतर एकदोनदा असंच झालं. पुढे तो तिच्याशी बोलायचा, तिच्यापुढे तोंडं वेडीवाकडी करायचा, ती झोपली की तिच्या पायांशी बसून राहायचा, पण तिला उचलत नसे. घरात असला तरी उजवा हात पँटच्या खिशात. मी फोनवर माझ्या आईला सांगायचे की अपघातापासून हा मुलीला जवळच घेत नाही गं, त्याचं मनच उडालंय.

तो माऊस शार्दूलने आणला. शार्दूल पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत, कायम रात्रपाळी, त्यामुळे दुपारी उठून तो खेळायला मोकळा. त्या माऊसला बारा बटणं होती आणि कुठल्या बटणाने काय व्हायचं ते आपण ठरवायचं. दोघांनी दोन दिवस बसून सगळं क्लिक अंगठ्यावर घेतलं. कडेच्या पट्ट्या काढून दुसऱ्या लावल्या, करंगळी टेकायला एक रुंद पट्टी बसवली. पोटात वजनं घालायची सोय होती, ज्याला जड माऊस आवडतो त्याने घालायची. शार्दूलने ती सगळी काढून डबीत ठेवली. म्हणाला, "सध्या रिकामाच वापरा दाजी."

मला त्या माऊसचा राग यायचा. मी रसायनशास्त्रात बी.एस्सी. केलेली, मनवा झाल्यावर शिकवण्या बंद केलेली, आणि घरातला मोठा माणूस दुपारभर शिपाई पळवत बसलेला. आणि माझी भीती वेगळीच. मनवा रांगायला लागल्यापासून मला घरात फक्त बारीक वस्तू दिसायच्या. दिवसातून वीस वेळा मी तिची मूठ उघडायचे. हरभऱ्याची डाळ, टाचणी, केसांची पिन, पेनाचं टोपण. खाण्यातलं असलं तर टाकून द्यायचं आणि बाकीचं कपाटावरच्या पत्र्याच्या डब्यात. हात वर करायचा, टाकायचं, पुढच्या कामाला लागायचं. सासूबाई त्या डब्याला हर्षदाचा तुरुंग म्हणायच्या. "सुई पाहिजे होती गं," त्या म्हणायच्या, "तुझ्या तुरुंगातून जामिनावर सुटते का बघ."

तर त्या दुपारी आम्ही दोघं जमिनीवर. दिवाणाखाली नाही, टेबलामागे नाही, चटईखाली नाही. डबी टेबलाच्या खालच्या खणात असायची. तो खण ओढायला मनवा त्याच आठवड्यात शिकली होती, आणि ते मला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. खणाला सुतळी बांधायची असं मी दोन दिवस म्हणत होते.

"तू इथेच होतास," मी म्हटलं. "चार हातांवर. एवढीशी पोर बघता येत नाही? तुझ्या हातून काही..."

तिथे मी थांबले. पण वाक्य कुठे चाललं होतं ते दोघांनाही कळलं. त्याने उजवा हात खिशात घातला.

"दवाखान्यात जाऊ," तो म्हणाला.

सासूबाई गच्चीवर बिबड्या उलटत होत्या. उन्हाळ्याचे दिवस, ज्वारीच्या त्या मोठ्या पापडांनी अख्खी गच्ची भरलेली. मी जिन्यातून ओरडले, "आई, आम्ही मनवाला घेऊन जातोय, प्रफुल्ल, चप्पल घाल." सासूबाईंसमोर मी त्याला अहो म्हणायचे, चार वर्षांत कधी चुकले नव्हते. त्या खाली आल्या. काय झालं ते ऐकून घेतलं आणि केळं भरवा म्हणाल्या, केळ्याबरोबर निघून जातं. मी म्हटलं, काही भरवायचं नाही, वाचलंय मी. "बरं," त्या म्हणाल्या, "पण एक सांगते. ह्यानेच शर्टाचं बटण गिळलं होतं, दोन वर्षांचा असताना. दुसऱ्या दिवशी सकाळी सापडलं. मी धुऊन परत त्याच शर्टाला लावलं." एरवी मी हसले असते. त्या पदर खोचून केरसुणी शोधायला लागल्या. "तुम्ही व्हा पुढे. मी घर झाडते, धान्य चाळते. इथे असेल तर सापडेल."

अपघातानंतर प्रफुल्लने मोटरसायकल चालवली नव्हती. रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्याने डाव्या हाताने रिक्षा थांबवली. रिक्षात मी मनवाला छातीशी धरून तिचा श्वास मोजत होते. मिनिटाला तीस. पुन्हा मोजला तर बत्तीस. पुन्हा मोजायला लागले तेव्हा ती झोपेला आली आणि तिची मान कलंडली तशी मी तिला हलवून जागं केलं, म्हणून ती रडली, आणि रडताना खोकली. तो एक खोकला मला कंपनीच्या भोंग्याएवढा मोठा वाटला. प्रफुल्ल पुढे वाकून बसला होता, जणू त्यामुळे रिक्षा जोरात जाईल.

डॉक्टर चांदवडकर बाईंकडे मनवाची सगळी इंजेक्शनं झालेली. त्यांनी आधी तिला नीट तपासलं, छातीला नळी लावून दोन्ही बाजू ऐकल्या. मग एकेक विचारत गेल्या. गिळताना पाहिलं का, उलटी, लाळ, खोकला. माझ्याकडे सगळ्याची उत्तरं होती, वेळेसकट. फक्त पहिल्याचं नव्हतं.

"बटणासारखा सेल नाही ना तो?" त्यांनी विचारलं. "खात्रीने सांगा. सेल असला तर मी इथे बोलत बसणार नाही."

"सेल नाही मॅडम," प्रफुल्ल म्हणाला. "वजन आहे, धातूचं. माऊसमध्ये घालायचं."

"माऊसला वजन कशाला लागतं?"

"हाताला झेपेल तसं करता येतं. आधी रिकामा वापरायचो. मग महिन्याला एक घालत गेलो. आता दोन झालीत."

बाईंनी त्याच्या खिशाकडे पाहिलं. तिथे मनगटच दिसत होतं. "म्हणजे आता तिसरं?"

"पुढच्या महिन्यात बघायचं होतं."

मी हे ऐकत होते. पण मनवाच्या गळ्याकडे बघत होते, त्यामुळे ते माझ्या कानातून आत गेलं आणि तिथेच कुठेतरी पडून राहिलं.

धातू असेल तर फोटोत स्पष्ट दिसेल, असं बाई म्हणाल्या. पोटात उतरला असला तर बहुतेक आपोआप जाईल, अन्ननलिकेत अडकला असला तर काढावा लागेल, म्हणजे मोठ्या हॉस्पिटलात, भूल देऊन. त्यांनी चिठ्ठी लिहिली. एक्स-रे त्याच इमारतीत तळमजल्यावर होता. मी जिना उतरताना पायऱ्या मोजल्या. चोवीस. भूल या शब्दापलीकडे मला काही सुचत नव्हतं.

एक्स-रेवाले सरोदे नावाचे पन्नाशीचे गृहस्थ होते. टेबलावर अर्धवट खाल्लेला डबा, चष्मा कपाळावर. अंगावरचं धातूचं सगळं काढा म्हणाले. मी मनवाच्या हातातले वाळे काढले, करदोडा काढला, झबल्याला लावलेली सेफ्टी पिन काढून मुठीत धरली. मनवाने ओठ काढला. तिला कळलं होतं की इथे काहीतरी होणार आहे.

"आई कोण, तुम्ही? चला. आणि दिवस वगैरे नाही ना गेलेले?"

ते सवयीने विचारत होते. उत्तर ऐकायच्या आधीच दार उघडायला वळलेसुद्धा होते. मी मात्र जागच्या जागी उभी राहिले.

"बाई?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"म्हणजे?"

"चार दिवस वर गेलेत."

मी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. आईलासुद्धा नाही. प्रफुल्ल माझ्या शेजारी उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं, पण मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"मग तुम्ही बाहेर," सरोदे म्हणाले. "नुसती शंका असली तरी आत नाही. वडील येतील."

"ती माझ्याशिवाय राहणार नाही."

"राहत कुणीच नाही बाई. धरावं लागतं. दोन्ही हात डोक्यापाशी वर, घट्ट. पाय मी बघतो. पण हलली की फोटो गेला, मग परत काढायचा, आणि लहान मुलाला परत परत काढणं मला आवडत नाही."

प्रफुल्लने उजवा हात खिशातून बाहेर काढला आणि त्यांच्यापुढे धरला. दुकानात खराब नोट दाखवतात तसा. "हात असा आहे माझा."

सरोदेंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. तो हात त्यांनी शांतपणे पाहिला, कीव न करता, एखादं हत्यार चालेल का ते बघावं तसा. "अंगठा चालतो?"

"चालतो. चांगला चालतो."

"धरायला अंगठाच लागतो. या."

त्याने माझ्यासमोर दोन्ही हात पुढे केले. माझ्या तोंडातून ते सवयीने आलंच. "राहू दे, मी..." आणि त्या मीच्या पुढे माझ्याकडे काही नव्हतं. मी आत जाऊ शकत नव्हते. घ्यायला दुसरं कोणी नव्हतं. मनवा माझ्या कडेवर, तो समोर, आणि त्याचे हात तसेच पुढे. तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की हे हात असे पुढे आलेले मी याआधीही पाहिले आहेत, एकदा नाही, अनेकदा, आणि दर वेळी मागे गेलेलेही पाहिले आहेत.

मी मनवाला त्याच्याकडे दिलं.

दार लागलं. वर लाल दिवा लागला. मी बाकावर बसले, मुठीत पिन, वाळे आणि करदोडा. आतून मनवाचं रडणं सुरू झालं, मग ते किंचाळणं झालं. मी उठून दारापर्यंत गेले आणि दारावर लिहिलेली सूचना तीनदा वाचली. मग आतून प्रफुल्लचा आवाज आला, तिच्या रडण्याच्या वर, पण न ओरडता. "इकडे बघ मनू. डावीकडे. डावीकडे दिवा आहे बघ. हां. तिकडेच बघ." शार्दूल जसा त्याला सांगायचा तसंच. रडणं हुंदक्यांवर आलं. मग एकदम काहीच ऐकू येईना. एक खट्ट आवाज झाला, आणि सरोदे म्हणाले, "झालं."

प्रफुल्ल बाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावर आत घातलेला शिशाचा जड एप्रन तसाच होता. मनवा त्याच्या उजव्या हातावर बसलेली, त्याचा अंगठा तिच्या काखेत पक्का अडकवलेला. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता.

"एकदाच काढला," सरोदे मला म्हणाले. "हलू दिलं नाही त्यांनी."

मी हात पुढे केले. मनवाने माझ्याकडे पाहिलं, नाक पुसलं आणि त्याच्या शर्टाचं वरचं बटण चोखायला लागली. बटण ढिलं होतं. मला ते दिसलं. मी हात खाली घेतले.

फोटो हातात यायला पंधरा मिनिटं लागली. चांदवडकर बाईंनी तो उजेडावर धरला आणि आम्ही दोघं त्यांच्या मागे उभे राहिलो. बरगड्या, पाठीचे मणके, सगळं केवढंसं. मी एक पांढरी गोल चकती शोधत होते. बाईंनी बोट गळ्यापासून खाली आणलं, पोटावरून फिरवलं, पुन्हा वर नेलं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "गॅस आहे थोडा. घरी जा आणि जेवा तुम्ही दोघं." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "सरोदेंनी सांगितलं मला. परवा सकाळी तपासणी करून घ्या."

रिक्षात मनवा त्याच्या मांडीवर झोपली. त्याचा उजवा हात तिच्या पोटावर होता, सगळ्या रस्त्याला दिसेल असा. 

"चार दिवस?" त्याने विचारलं.

"हो."

"सांगायचंस ना."

"खात्री नव्हती."

आणखी एक चौक गेल्यावर तो म्हणाला, "मलाही नव्हती. म्हणून सांगितलं नाही." तो कशाबद्दल बोलतोय ते मला लगेच कळलं नाही. मग डॉक्टरांच्या खोलीत ऐकलेलं कानातून वर आलं. आधी रिकामा, मग एक, मग दोन. मी त्याच्या हाताकडे पाहिलं. मनवाचा श्वास मी त्यानंतर मोजला नाही. तो हात तिच्याबरोबर वरखाली होत होता, तेवढं दिसत होतं.

घरी सासूबाईंनी दिवाण भिंतीपासून ओढून काढला होता. तांदूळ चाळले होते, गहू चाळले होते, कचऱ्याची बादलीसुद्धा वर्तमानपत्रावर उलटी करून पाहिली होती. गच्चीवर कावळ्यांनी बिबड्यांची चाळण केली होती. काही नाही निघालं फोटोत, एवढं ऐकून त्या मटकन खाली बसल्या. "मग गेली कुठे ती मेली?" त्यांनी विचारलं. "पंख फुटले का तिला?"

प्रफुल्लने मनवाला पाळण्यात ठेवलं. मी तिचा करदोडा देवापाशी ठेवला, वाळे कपाटात ठेवले. मुठीत सेफ्टी पिन राहिली. माझा हात आपोआप वर गेला, कपाटावर, डब्याकडे. डबा तिरका झाला आणि धरायला म्हणून मी तो खाली घेतला.

पिना, टाचण्या, एक गोटी, पेनाची टोपणं, बांगडीचा तुकडा. आणि त्यांच्यात, कडेला, ती. काळी, चपटी, ३.६.

मला आठवलं नाही. अजूनही आठवत नाही. दोन दिवसांपूर्वी, कदाचित तीन, दूध उतू जात असेल, दारावर कोणी आलं असेल, मी मनवाची मूठ उघडली असेल, काढून घेतलं असेल, वर टाकलं असेल. काढून घेताना मी काय काढून घेते ते बघतच नसे.

"सापडलं का काही?" सासूबाईंनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

ती चकती संध्याकाळभर माझ्या पर्समध्ये होती. तुझ्या हातून काही, हे अर्धं वाक्यही तिच्याबरोबर होतं. प्रफुल्लने त्या दिवशी कॉम्प्युटर लावला नाही. जमिनीवर बसून त्याने खणाला सुतळी बांधली, अंगठा आणि दातांनी गाठ आवळून. मला बोलावलं नाही, आणि मी पुढे झाले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आंघोळीला गेला तेव्हा मी टेबलापाशी गेले. माऊस उलटा केला. त्याने आदल्या दिवशी कुठे दाबलं होतं ते पाहिलेलं होतं. दार उघडलं. टेबलावरच्या त्याच्या दोन चकत्या आत घातल्या, त्यांच्या शेजारी माझ्या पर्समधली तिसरी. दार लावलं, माऊस होता तसा ठेवला.

दुपारी दोन वाजता तो खेळायला बसला. मी भाजी निवडायला म्हणून दिवाणावर बसले. मनवा खणाची सुतळी ओढत होती आणि तिला ती सुटत नव्हती. त्याने हेडफोन गळ्यात अडकवले, कानांवर घेतले नाहीत, त्यामुळे शार्दूलची बडबड खोलीत ऐकू येत होती. पडद्यावर ते ओसाड शहर उघडलं. प्रफुल्लने माऊसवर हात ठेवला, पाच सहा बोटं अंतर सरकवला आणि थांबला.

पुन्हा मागे आणला. उचलून हातात धरला. तीन पूर्णांक सहा ग्रॅम. प्रयोगशाळेत एवढ्या वजनाला आम्ही काचेच्या पेटीतला काटा वापरायचो, वारा लागू नये म्हणून तिची दारं लावून घ्यायचो. त्या हाताला काही कळत नाही, असं मी नऊ महिने समजत होते.

माऊस न उघडता तो माझ्याकडे वळला. "कुठे होती?"

"माझ्या डब्यात." मग उरलेलंही सांगून टाकलं. "मीच टाकली होती. तुला बोलले, आणि मीच टाकली होती."

 मला वाटलं, आता ते वाक्य तो पुरं करेल. त्याला तो हक्क होता.

"काढू का?" मी विचारलं. "जड होत असेल तर."

त्याने माऊस दोनदा इकडून तिकडे फिरवून पाहिला. "असू दे," म्हणाला, आणि पडद्याकडे वळला.

शिपाई धावायला लागला. मनवाने सुतळीचा नाद सोडला, टेबलाचा पाय धरून उभी राहिली, तिथून त्याच्या खुर्चीपर्यंत दोन पावलं टाकली आणि त्याच्या गुडघ्याला धरून दोन्ही हात वर केले. मला घे म्हणायची तिची ती रीत होती. मी भाजीचं ताट खाली ठेवलं. अर्धी उठलेसुद्धा. माझे ओठ हलले असतील. पण शब्द बाहेर आला नाही आणि मी पुन्हा बसले.

प्रफुल्लने माऊस सोडला. वाकून अंगठा तिच्या काखेत घातला, डावा हात खालून लावला आणि तिला वर उचललं. पडद्यावर त्याचा शिपाई भर चौकात नुसता उभा राहिला.

"दाजी, थांबलात का?" हेडफोनमधून शार्दूल ओरडत होता. "हला तिथून. मारतील तुम्हाला."

"मारू दे," प्रफुल्ल म्हणाला.